तिनं जीव दिला, की तिचा जीव घेतला?

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांसमोर काय येतं? मोबाइलमध्ये मान खुपसून बसलेला मुलगा, ठो-ठो आवाज आणि समोर गार होत चाललेलं ताट! पण मैत्रिणींनो, आज मी लिहिणार आहे ते मी स्वतः गेली पंचवीस वर्षं खेळत आलेल्या खेळाबद्दल. घर सांभाळून, बचत गटाच्या बैठका सांभाळून, समुपदेशन केंद्रातल्या फेऱ्या सांभाळून! या खेळाचं नाव ‘फायनल फँटसी’.

जपानमधल्या स्क्वेअर या कंपनीत हिरोनोबु साकागुची यांनी या मालिकेचा पहिला भाग १९८७ साली काढला. सोळावा भाग आला २०२३ मध्ये. प्रत्येक क्रमांकाच्या भागात गोष्ट नवी, जग नवं, माणसं नवी. तरी काही ओळखीच्या खुणा असतातच. स्वारीसाठी घोड्याऐवजी चोकोबो नावाचा मोठा पिवळा पक्षी, आकाशात उडणारं जहाज, आणि बहुतेक भागांत ‘सिड’ नावाचं कुणीतरी. नोबुओ उएमात्सु यांचं संगीत तर असं, की खेळ विसरला तरी सूर विसरत नाहीत. २३ जुलै २०२१ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन जपानी गेम्सच्या संगीतावर झालं. त्यात ‘फायनल फँटसी’चे सूर ऐकू आले आणि मी स्वयंपाकघरातून धावत टीव्हीपुढे आले!

यात आपण एका पात्राची भूमिका घ्यायची, सोबती जमवायचे, गावोगाव फिरायचं, लोकांशी बोलायचं. लढायाही असतात, पण जुन्या भागांत त्या पत्त्यांच्या डावासारख्या पाळीपाळीनं चालतात. एक भाग संपायला चाळीस-पन्नास तास सहज लागतात. म्हणजे एक जाडजूड कादंबरीच म्हणा ना! आणि कादंबरीचं असतं तेच याचंही होतं. विशीत वाचलेली पंचेचाळिशीत पुन्हा उघडली, की आपल्याला वेगळंच काही दिसायला लागतं.

माझी सुरुवात झाली सातव्या भागापासून. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. धाकट्या भावानं मित्राकडून प्लेस्टेशन आणलं होतं आणि सोबत १९९७ सालचा हा गेम, तीन सीडींचा. तेव्हा पात्रं तोंडानं बोलत नसत, त्यांची वाक्यं पडद्यावर उमटायची. भावाला वाचायचा भारी कंटाळा. ‘ताई, तू वाच आणि मला सांग,’ असं म्हणून त्यानं मला शेजारी बसवलं. महिन्याभरात यंत्र माझ्या हातात आणि भाऊ शेजारी, अशी स्थिती झाली!

त्या गोष्टीत एरिथ नावाची मुलगी आहे. मिडगार नावाच्या धुरकट शहरात फुलं विकणारी, थट्टेखोर, कुणाला न घाबरणारी. पृथ्वीवर संकट येणार हे तिला कळतं. ते टाळण्याची प्रार्थना तिलाच येत असते, म्हणून ती कुणालाही न सांगता एकटी निघून जाते. ती प्रार्थनेला बसलेली असताना सेफिरॉथ हा खलनायक वरून येतो आणि तिच्या पाठीतून तलवार आरपार घालतो. पहिली सीडी तिथे संपते. पुढच्या दोन्ही सीडींत आपण वाट बघत राहतो, पण ती परत येत नाही.

मी रडरड रडले. आईला वाटलं, परीक्षेत काही गडबड झाली की काय! त्या काळातल्या माझ्या वहीत एरिथबद्दल दोन पानं आहेत, आणि त्यांतला मुख्य शब्द आहे ‘त्यागमूर्ती’. ते वयच तसं होतं. सिनेमा, कादंबऱ्या, घरातल्या मोठ्यांचे किस्से, सगळीकडे मोठी बाई म्हणजे स्वतःला विसरलेली बाई. एरिथ त्या रांगेत अगदी चपखल बसली.

लग्न होऊन सासरी आले तेव्हा धाकट्या दिरांकडे प्लेस्टेशन टू होतं. नव्या वहिनीला गेम खेळता येतो म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! तिथे मी दहावा भाग खेळले, २००१ सालचा. यात पात्रं पहिल्यांदाच तोंडानं बोलू लागली होती. या गोष्टीनं माझ्या डोक्यात जो किडा सोडला, तो आजही वळवळतोय.

स्पिरा नावाचं जग. तिथे सिन नावाचा डोंगराएवढा राक्षसी जीव गावंच्या गावं बुडवतो. धर्मपीठ सांगतं, ही माणसांच्या पापाची शिक्षा आहे. उपाय एकच, एखाद्या साधकानं देवळामागून देऊळ करत यात्रा करायची, शेवटी एक महाशक्ती मिळवायची आणि सिनला मारायचं. यंदा निघाली आहे युना. वय वर्षं सतरा. तिचे वडील दहा वर्षांपूर्वी याच वाटेनं गेलेले. ओकिनावा बेटांवर ‘युना’ हे एका फुलाचं नाव आहे, आणि तिच्या सोबतच्या टीडसचं नाव तिथल्या बोलीतल्या सूर्यावरून आलंय.

हा टीडस बाहेरून आलेला. सिन मेला की आपण इकडे जाऊ, तिकडे जाऊ, असे बेत तो युनाला मोठ्या उत्साहानं ऐकवत असतो. अर्ध्याहून अधिक खेळ झाल्यावर त्याला कळतं, की त्या महाशक्तीला बोलावलं की साधकाचा मृत्यू ठरलेला! सगळ्या सोबत्यांना हे ठाऊक होतं. गावोगाव तिला हार घालणाऱ्यांनाही ठाऊक होतं. हसतमुखानं तिला निरोप देणारं सगळं जग एका सतरा वर्षांच्या मुलीला मरणाकडे पोचवत होतं आणि त्याला ‘मान’ म्हणत होतं. मधे तर लोकांचं मन रमावं म्हणून ती न आवडणाऱ्या माणसाशी लग्नालाही तयार होते.

याच सुमारास मी समुपदेशन केंद्रात जायला लागले होते. सतरा वर्षांची एक मुलगी तिथे आली होती. ‘मी हो म्हटलं की बाबांचं कर्ज फिटतंय,’ असं सांगताना तिचा चेहरा अगदी शांत होता. तो शांतपणा मी आदल्या रात्रीच युनाच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

आता गोष्ट फोडतेच, कारण सगळं सार तिथेच आहे. यात्रेच्या टोकाला युनाला दोन गोष्टी कळतात. एक, ती महाशक्ती तयार व्हायला एका सोबत्याचाही बळी लागतो. आणि दुसरी त्याहून भयंकर. सिनला मारणारी ती शक्तीच पुढे नवा सिन होते! म्हणजे हजार वर्षं मुलंमुली मरत आली आणि त्यांच्या मरणावरच ते संकट पोसलं गेलं. तेव्हा युना ठाम नकार देते. लोकांसाठी मी आनंदानं मेले असते, पण खोट्या आशेसाठी नाही, असा तिच्या बोलण्याचा अर्थ. मग ती आणि तिचे सोबती दुसरा मार्ग शोधतात आणि तो त्यांना सापडतोही.

तिसरं वर्ष चालू असलेल्या माझ्या संसारात मी त्या रात्री बराच वेळ नुसती बसून राहिले. सोसणारीमुळे घर टिकतं, हे ऐकतच आपण मोठ्या होतो. पण तिच्या सोसण्यामुळे घराचा त्रासही टिकत असेल तर? केंद्रात येणाऱ्या कितीजणींबाबत हे खरं होतं! कर्ज फिटतं, बापाचं व्यसन तसंच राहतं, आणि काही वर्षांनी धाकट्या बहिणीची पाळी येते.

युनाची पुढची गोष्ट २००३ साली आली. यात खेळणाऱ्या तिघीही बायकाच. युना गाते, नाचते, नवेनवे पोशाख करते, खजिना शोधत हिंडते. तेव्हा मला हे सगळं उथळ वाटलं होतं. आज माझं मत वेगळं आहे. सतराव्या वर्षी मरायची तयारी केलेल्या मुलीनं त्यानंतरची दोन-चार वर्षं मजेत घालवली, तर त्यात गैर काय? जगायचं ठरवल्यावर जगणं शिकावंही लागतंच की!

२०२२ साली सहावा भाग नव्या रूपात मोबाइलवर आला. मूळचा १९९४ सालचा. दुपारच्या निवांत वेळात मी तो खेळले. जुन्या भागांतली ही इवली इवली माणसं काझुको शिबुया या बाईंनी काढली आहेत. इवल्याशा चौकटींत एकेक ठिपका बसवून! नव्या आवृत्तीतही त्यांचाच हात आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्याला त्यातली करामत वेगळी सांगायला नको. मालिकेचे पुरुष निर्माते जगप्रसिद्ध झाले, या बाईंचं नाव मला मात्र इतक्या वर्षांनी कळलं.

या भागात जग वाचत नाही, निम्म्या वाटेवर ते उद्ध्वस्तच होतं. त्यानंतर काय? टेरा नावाची नायिका एका पडक्या गावात अनाथ मुलांना सांभाळत बसलेली दिसते. सेलिस एका ओसाड बेटावर आजारी सिडला मासे पकडून खाऊ घालते. तो जगेल की नाही, हे आपण कसे मासे पकडतो त्यावर ठरतं. मग ती तराफ्यावर बसून एकेक हरवलेला सोबती शोधत निघते. मोडल्यानंतर पुन्हा उभं करणं, हे काम दोघी करतात आणि त्यासाठी दोघी जिवंत राहतात. विशीत मला हा भाग संथ वाटला असता. आज माझ्या यादीत तो दहाव्याच्या बरोबरीनं वर आहे.

सगळंच गोड आहे असं नाही हं. तेराव्या भागात (२००९) लाइटनिंग ही बहिणीसाठी लढणारी नायिका आली, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण पंधराव्यात (२०१६) चार मित्र गाडीतून फिरतात, स्वयंपाक करतात, फोटो काढतात, आणि राजपुत्राची वाग्दत्त वधू लुनाफ्रेया दूर कुठेतरी जगासाठी झिजत राहते आणि शेवटी मारली जाते. शेवटी राजपुत्रही जीव देतो, पण त्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला पन्नास तास ठाऊक असतं. तिच्या मनातलं कुणी विचारतच नाही. त्या भागाला योको शिमोमुरा या बाईंनी दिलेलं संगीत मात्र अप्रतिम!

सोळावा भाग २०२३च्या भाऊबीजेला भावाच्या घरी खेळले. माझी कॉलेजातली लेक शेजारी होती. जिल ही तिची आवडती. शेवटच्या लढाईला नायक क्लाइव्ह जातो आणि जिल मागे राहून रडते, तेव्हा लेक फणकारली, ‘आई, इतकं लढली आणि ऐन वेळी तिला घरी बसवली!’ मला काही बोलायची गरजच उरली नाही.

आता पुन्हा एरिथ. सातव्या भागाची गोष्ट कंपनीनं नव्यानं सांगायला घेतली. त्यातले दोन भाग २०२० आणि २०२४ मध्ये आले. दुसऱ्यात तलवारीचं ते दृश्य पुन्हा येतं, जरा संदिग्ध करून. पंचवीस वर्षांनी ते पाहताना मला एक साधी गोष्ट दिसली. एरिथ मरायला गेलीच नव्हती! ती काम करायला गेली होती. ते काम तिला येत होतं, आणि ते आटपून तिला परत यायचं होतं. तिनं जीव दिला नाही, तिचा जीव घेतला गेला. मूळ खेळाचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनीही सांगितलंय, की त्यांना नाटकी त्याग दाखवायचाच नव्हता. मृत्यू अचानक येतो आणि मागे पोकळी ठेवतो, ते त्यांना दाखवायचं होतं. त्याला त्यागाचा हार आम्ही चाहत्यांनी घातला.

हे लिहिताना मला आमच्या भागातल्या एका बाई आठवतात. कितीतरी दिवस ताप अंगावर काढत होत्या, आणि घरातल्या कुणीही त्यांना दवाखान्यात नेलं नाही. दहाव्याला जमलेले लोक म्हणत होते, ‘शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही हो माउलीनं!’ सगळ्यांचे डोळे ओले होते. आणि त्या ओल्या डोळ्यांमुळेच कुणाला विचारता आलं नाही, की त्यांना दवाखान्यात का नेलं नाही?

‘त्याग’ या शब्दाचा हाच धोका आहे. तो शब्द एकदा उच्चारला की चौकशी थांबते.

तुमच्या घरातही कुणी असा गोष्टीचा गेम खेळत असेल, तर एखाद्या दुपारी शेजारी बसा. मुलगा असो की मुलगी, विचारा, ‘यातल्या बाईला काय हवंय? तिला कुणी विचारलं का? ती मेली तर कुणामुळे?’ मुलं फार छान उत्तरं देतात. मग तेच प्रश्न रात्रीच्या मालिकेला विचारा. आणि जमलंच तर, पुढच्या वेळी कुणाच्या दहाव्याला गेलात, तर तिथेही.