बीपीची गोळी आणि ‘दम वाढवणारं’ इंजेक्शन: ही जोडी जिवावर का बेतू शकते?

काही जिममध्ये ‘दम वाढतो’ म्हणून चोरून विकलं जाणारं मेफेंटरमाईन इंजेक्शन हे मुळात ऑपरेशन थिएटरमधलं औषध आहे. सिझेरियनसाठी कण्यात भूल दिल्यावर रक्तदाब एकदम घसरला, तर भूलतज्ज्ञ ते देतात. त्या वेळी पेशंट मॉनिटरवर असतो, जिममध्ये मात्र कुणाचं लक्ष नसतं. महाराष्ट्रात या इंजेक्शनचे बेकायदा साठे पोलिसांनी अनेकदा पकडले आहेत.

‘एमडी’ म्हणजेच मेफेड्रोन हा वेगळा पदार्थ. 2015 पासून तो अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात त्याचा मोठा साठा पकडला होता. दोन्ही पदार्थ उत्तेजक आहेत. हृदयाची औषधं सुरू असणाऱ्यांना त्यांचा धोका जास्त असतो.

शरीरात काय होतं?

उत्तेजकामुळे नॉरएड्रेनलिनसारखी रसायनं एकदम वाढतात. ठोके जलद होतात, रक्तवाहिन्या आक्रसतात आणि बीपी चढतं. म्हणजे हृदयाला जास्त ऑक्सिजन लागतो, नेमक्या त्याच वेळी त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अरुंद होतात. त्यामुळे तरुण वयातही हार्ट अटॅक येऊ शकतो.

कोणत्या औषधाशी कसा खटका उडतो?

- अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन: गोळी बीपी खाली आणते, उत्तेजक ते वर ढकलतं. नशेची माहिती नसलेल्या डॉक्टरांना वाटतं, गोळी लागू पडत नाही. ते डोस वाढवतात. मग उत्तेजकाचा असर उतरल्यावर बीपी गरजेपेक्षा खाली जाऊन चक्कर येऊ शकते.
- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या: यातल्या काहींमुळे पोटॅशियम कमी होतं. त्यात उत्तेजकाची भर पडली की ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो.
- डिगॉक्सिन: याच्यासोबतही लय बिघडू शकते.
- रक्त पातळ करणारी औषधं: बीपी अचानक खूप चढलं, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते. हे औषध सुरू असेल, तर तो लवकर थांबत नाही.

धडधड थांबवायला बीटा ब्लॉकर घेतली तर?

मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गोळ्या मुख्यतः हृदयाचे ठोके आवरतात. रक्तवाहिन्या आक्रसणं त्या थांबवत नाहीत. त्यामुळे नाडी शांत लागते, पण बीपी चढलेलंच राहू शकतं किंवा आणखी वाढू शकतं. कोकेनच्या बाबतीत या धोक्याची चर्चा अनेक वर्षं सुरू आहे आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर मतभेदही आहेत. म्हणून हा निर्णय डॉक्टरांचाच, मित्राच्या सल्ल्याने गोळी घेऊ नये.

याची दुसरी बाजूही आहे. ‘आज नशा केली, म्हणून गोळी नको’ असं ठरवून रोजची बीटा ब्लॉकर अचानक बंद करणंही घातक आहे. त्याने बीपी आणि ठोके उसळी घेतात.

त्रास झाला तर?

छातीत दुखणं किंवा दाब, दम लागणं, भोवळ, अचानक तीव्र डोकेदुखी, बोलणं अडखळणं, हातपाय लुळे पडणं यांपैकी काहीही झालं तर लगेच 108 ला फोन करा. वसमतसारख्या ठिकाणी हे आणखी महत्त्वाचं, कारण नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. ‘अॅसिडिटी असेल’ म्हणत घालवलेला अर्धा तास महागात पडतो.

दवाखान्यात काय घेतलं, किती आणि कधी घेतलं, हे खरं सांगा. इंजेक्शनची बाटली आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. घरच्यांसमोर बोलता येत नसेल, तर डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या असं सांगा. छातीत दुखण्यावर कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं टाळायचं, हे याच उत्तरावर ठरतं.

नशा सोडायची असेल तर केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाईन आहे. मानसिक आधारासाठी टेली-मानसचा क्रमांक 14416 आहे.