सर्व्हर सांभाळताना (६) : नाव सापडलं नाही, पण कोणाला?

गेल्या आठवड्यात पॅकेजं कुठून येतात ते पाहिलं : रिपॉझिटरी, तिचे मिरर आणि सर्व्हरवर असलेली त्यांची यादी. अपडेटची आज्ञा दिली की सर्व्हर ही यादी वाचतो आणि आधी मिररच्या नावाचा आयपी पत्ता विचारून घेतो. अपडेट बऱ्याचदा अडतं ते इथेच, एकही पॅकेज उतरायच्या आधी.

समजा, मनमाडला एका कांदा व्यापाऱ्याची पेढी आहे. हिशोब उबंटू सर्व्हरवर चालतो आणि सर्व्हर बघणारा मुलगा नाशिकला असतो. अपडेट शून्य टक्क्यावर बराच वेळ थांबतं, मग ओळ येते : ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ आणि पुढे मिररचं नाव. मुलगा फोनवर विचारतो, “दिवाणजी, नेट गेलंय का?” दिवाणजी म्हणतात, “छे हो, माझ्या मोबाइलवर सगळं उघडतंय.”

दिवाणजींचं खरं आहे आणि सर्व्हरचंही. नाव कोणाला विचारायचं हे मोबाइलला राउटर सांगतो. मोबाइल वायफायला जोडला की त्याला स्वतःचा पत्ता आणि नेमसर्व्हरचा पत्ता आपोआप मिळतो. सर्व्हरला मात्र कायमचा एकच पत्ता लागतो, म्हणून त्याच्या नेटवर्कच्या फाइलीत सगळं हाताने लिहिलेलं असतं. पेढीने मध्यंतरी ब्रॉडबँड बदललं, नवा राउटर आला, पण सर्व्हरच्या फाइलीत जुन्या कंपनीचाच नेमसर्व्हर राहिला. असे नेमसर्व्हर बहुधा फक्त आपल्या ग्राहकांना उत्तर देतात. बाहेरच्याने विचारलं तर नकार देतात, नाहीतर गप्प बसतात. सर्व्हर रोज त्या बंद दारावर थाप मारत होता. अपडेटच्या दिवशी ते लक्षात आलं, एवढंच.

म्हणून एररची ओळ पुरती वाचायची. मनमाड जंक्शनवर दौंडकडे जाणारी गाडी विचारायला तुम्ही चौकशीच्या खिडकीशी गेलात. खिडकी बंद असणं वेगळं आणि आतल्या माणसाने “अशी गाडीच नाही” म्हणणं वेगळं. ‘टेम्पररी फेल्युअर’ म्हणजे खिडकी बंद : विचारलं, पण धड उत्तर आलं नाही. ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ म्हणजे उत्तर आलं, आणि ते नकारार्थी आहे. पहिल्यात आपलं नेटवर्क तपासायचं, दुसऱ्यात नाव तपासायचं.

तपासणीला क्रम आहे. पहिल्यांदा नाव बाजूला ठेवून थेट एखाद्या आयपी पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर बाहेरचा रस्ता चालू आहे. नाही आलं तर गेटवे किंवा वायर बघा, नावाच्या मागे लागू नका. काही ठिकाणी पिंगच अडवलेलं असतं, तेवढं लक्षात असू द्या.

मग सर्व्हर कोणाला विचारतो ते बघा. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ उघडली तर उबंटूवर बहुतेक वेळा १२७.०.०.५३ दिसतं. हा सर्व्हरच्याच पोटातला मध्यस्थ, सिस्टिमडी-रिझॉल्व्हड. तो पुढे कोणाला विचारतो हे ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ सांगतं. पेढीवर जुन्या कंपनीचा पत्ता इथेच सापडतो. जिथे मध्यस्थ नसतो तिथे या फाइलीतले पहिले तीनच नेमसर्व्हर वाचले जातात. प्रत्येकाची ५ सेकंद वाट बघायची आणि ही फेरी दोनदा करायची, असा मुळातला नियम आहे. दोन नेमसर्व्हर गप्प असले तर एका नावापायी २० सेकंद जातात. शून्य टक्क्यावर अडण्याचं कारण म्हणजे असं वाट बघणं.

तिसरी पायरी त्या नेमसर्व्हरला थेट विचारायची. त्यासाठी ‘डिग’ चांगलं. पण ‘डिग’ सर्व्हरची स्वतःची होस्ट्स फाइल बघत नाही. अपडेट करणारा प्रोग्राम आधी तीच बघतो. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता विचारण्याच्या या व्यवस्थेचा, आराखडा मांडला, त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावं कॅलिफोर्नियात ठेवलेल्या एकाच फाइलीत असत आणि ज्याने त्याने ती उतरवून घ्यायची. होस्ट्स फाइल हा त्याच वहिवाटीचा अवशेष. कोणीतरी कधीकाळी मिररचा पत्ता तिथे लिहून ठेवला असेल, तर ‘डिग’ बरोबर उत्तर देतं आणि अपडेट भलत्याच दारात जातं. म्हणून ‘गेटएंट होस्ट्स’नेही विचारा, ते अपडेटच्याच वाटेने जातं. ऑफिसात प्रॉक्सी असेल तर एररमध्ये मिररऐवजी प्रॉक्सीचं नाव आलंय का, तेही बघा.

आता सगळ्यांना पाठ असलेला उपाय : ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मध्ये गूगलचा नेमसर्व्हर ८.८.८.८ टाका. निदान म्हणून तो ठीक आहे. अपडेट चालू झालं तर दोष नेमसर्व्हरचा होता, एवढं कळतं. पण जिथे मध्यस्थ आहे तिथे ही फाइल त्याच्या ताब्यात असते. सर्व्हर पुन्हा चालू झाला की तुमची ओळ पुसली जाऊ शकते. शिवाय पेढीतल्या प्रिंटरची, बॅकअपच्या यंत्राची नावं गूगलला कुठून माहीत असणार? खरी दुरुस्ती नेटप्लॅनच्या, म्हणजे हाताने लिहिलेल्या त्या नेटवर्कच्या, फाइलीत करायची आणि लांबून करत असाल तर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरायचं. बदल लागू झाल्यावर १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही, तर जुनी व्यवस्था परत येते. चुकीची ओळ लिहून नाशिकहून मनमाडला धावावं लागत नाही.

आणि कधीकधी सर्व्हरचं सगळं ठीक असतं, नावच उरलेलं नसतं. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर ज्या नावावर जुने सर्व्हर मिररची यादी मागत, ते ‘मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ नाव बंद झालं. आदल्या दिवसापर्यंत चालणारं, सेंटओएसवर पॅकेजं आणणारं ‘यम’ अचानक ‘कर्ल ६, कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’ म्हणू लागलं. लोक राउटर बदलत बसले, फायरवॉल उघडत बसले. ८.८.८.८ काय, दुसरा कुठलाही नेमसर्व्हर इथे कामाचा नव्हता, कारण सगळ्यांचं उत्तर एकच आणि बरोबर होतं : असं नाव नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. त्याच सर्व्हरवर दुसरं एखादं नाव विचारून बघा. ते सापडलं आणि हे एकच सापडत नसेल, तर नेटवर्कला हात लावू नका.

पॅकेजं नाहीशी झालेली नाहीत, ती ‘व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’वर आहेत. रिपो फाइलीतली मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएलमध्ये व्हॉल्टचं नाव घातलं की ‘यम’ पुन्हा चालतं. पण ते दप्तरखाना आहे. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तिथे येत नाहीत. ही सोय अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सवर जाईपर्यंतची. चालतंय म्हणून तिथेच मुक्काम ठोकलात, तर नावाची अडचण सुटेल आणि दार उघडं राहील.

पुढच्या आठवड्यात : नाव सापडतं, मिररही जोडला जातो, तरी एपीटी म्हणतं ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’. मदरबोर्डवरचा सेल संपून सर्व्हरचं घड्याळ मागे पडलं की हे हमखास होतं. सहीची आणि तारखेची ती गोष्ट सातव्या भागात.