विमानाचं अंतर आणि घड्याळ

1661 मध्ये मोगल सरदार कारतलबखान बोरघाट टाळून कुरवंडे घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या तावडीत सापडला. वाट निवडताना नुसती लांबी मोजून भागत नाही, हे कुरवंड्याला तेव्हापासून ठाऊक आहे. विमानाच्या बाबतीत मात्र पुष्कळ जण अजूनही नकाशावर पट्टी ठेवतात, अंतर काढतात, वेगाने भागतात आणि मोकळे होतात.

गैरसमज: नकाशावरची सरळ रेघ म्हणजेच जवळचा मार्ग.
वस्तुस्थिती: सपाट नकाशात गोल पृथ्वी ताणली जाते. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. तो मध्य आशिया, सायबेरिया ओलांडून थेट आर्क्टिकवरून जातो. हे अंतर सुमारे 13,500 किमी.

गैरसमज: कमी अंतर म्हणजे कमी वेळ.
वस्तुस्थिती: ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. मार्ग सुमारे 1,400 किमीने वाढून 15,300 किमी झाला, तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास आधी पोचलं! दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. कधी कधी त्याचा वेग ताशी 200 किमीच्याही वर जातो. तो पाठीशी असला तर इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात. मुंबईहून लंडनला जाताना परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, तो याच वाऱ्यामुळे. शिवाय वाट आकाशातलीही बंद होते: एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडचे प्रवास लांबले.

गैरसमज: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली मुक्काम आपणहून सरकत येतो.
वस्तुस्थिती: आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,580 किमी वेगाने फिरते. हे म्हणणं खरं असतं तर कुरवंड्याजवळच्या नागफणी कड्यावर हेलिकॉप्टर अधांतरी थांबवायचं, की दोन मिनिटांत खाली अलिबाग! तसं होत नाही, कारण हवा आणि विमान दोन्ही पृथ्वीबरोबरच फिरत असतात.

वेळापत्रकातल्या वेळेत धावपट्टीपर्यंतची रांगही धरलेली असते. पुणे–दिल्ली सुमारे 1,150 किमी, तरी दोन तासांहून जास्त दाखवतात ते त्यामुळेही.

शेवटचा गैरसमज तिकिटावरचा. दुपारी मुंबईहून निघालेली लेक त्याच तारखेला संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोत उतरते, म्हणून घरचे चार-पाच तासांनी फोन लावत बसतात. दोन्ही वेळा स्थानिक असतात. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. तेव्हा उतरण्याच्या वेळेत आधी तेवढे तास मिळवा, मग वजाबाकी करा.