खाकी गणवेश : हक्क आणि हिशेब

बारावी उत्तीर्ण झालेली आमची कित्येक मुले-मुली वसतिगृह सोडून मुंबईस जातात, नायगाव, परळ किंवा लालबागच्या चाळीत मामा-काकांकडे राहतात आणि पहाटे धावू लागतात. मनात पोलीस भरती असते. अलीकडे ‘परदेशात पोलीस होता येते का?’ असाही प्रश्न येतो. दोन्हींविषयी पालकांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे काही येथे मांडत आहोत.

ही नोकरी आपल्या समाजाला सहज मिळालेली नाही. इंग्रज सरकारने १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद केली होती. मे १९२८ मध्ये बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला निवेदन दिले. लष्कर, आरमार व पोलीस या तिन्ही खात्यांत अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, ही त्यातील एक मागणी होती. सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. तेथून जवळच असलेल्या नायगावच्या पोलीस मैदानावर आज आपली मुले भरतीच्या चाचणीसाठी उभी राहतात.

पोलीस शिपाईपदासाठी बारावी पुरेशी आहे. उंची मुलांची किमान १६५ व मुलींची १५५ सेंटिमीटर लागते. मैदानी चाचणी ५० गुणांची : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यानंतरची लेखी परीक्षा १०० गुणांची असते. गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व मराठी व्याकरण. आमची मुले मैदानावर क्वचितच मागे पडतात. त्यांना अडवते ते गणित. दोन तास धावणाऱ्याने निदान तितकाच वेळ पुस्तकाला द्यावा. नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक वेळी मूळ जाहिरात वाचावी.

खरी काळजी वयाची आहे. खुल्या प्रवर्गास २८ व मागासवर्गीयांस ३३ ही मर्यादा ऐकायला ऐसपैस वाटते. पण भरती दरवर्षी निघतेच असे नाही, आणि ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणता म्हणता पाच-सात वर्षे निघून जातात. बारावीवर शिक्षण थांबवून केवळ भरतीची वाट पाहणे आम्हांस मान्य नाही. पदवी चालू ठेवावी. ती हाती असली तर लोकसेवा आयोगामार्फत उपनिरीक्षकपदाची आणि केंद्रीय आयोगामार्फत थेट भारतीय पोलीस सेवेची परीक्षा देता येते. जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र वेळेत काढावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या. मात्र केंद्रीय भरतीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि ऐन वेळी धावपळ होते ती याच कागदासाठी.

नोकरी मिळाल्यावर काय? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हाती केवळ काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे मुलांना ठाऊक असतात. रोजची नोकरी मात्र बंदोबस्ताची असते. गणेशोत्सवात लालबागला दहा दिवस, ६ डिसेंबरला दादरला. त्या दिवशी आपलाच मुलगा चैत्यभूमीकडे पाठ करून गर्दीकडे तोंड करून उभा असतो. अभिवादन मनातल्या मनात. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, यावरूनच आधीच्या पाळ्यांची कल्पना यावी. सूनबाई आणू इच्छिणाऱ्या आईवडिलांनी हे आधीच जाणून घ्यावे.

आता परदेश. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांत, तसेच कॅनडा वा न्यूझीलंडच्या पोलिसांत जायचे तर त्या देशाचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा हक्क आधी हवा. लंडनला काही वर्षांचे तेथील वास्तव्यही पाहतात. म्हणजे येथून थेट अर्ज करून पोलीस होण्याची वाट नाही. जे आप्त तेथे स्थायिक आहेत, त्यांच्या मुलांनी मात्र हा विचार जरूर करावा.

आखाती देशांत ‘पोलीस’ म्हणून सांगितली जाणारी नोकरी पुष्कळदा खासगी सुरक्षारक्षकाची असते. काम हलके नव्हे, पण ते पोलिसाचे नव्हे. अशा भरतीसाठी दलालाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी आवश्यक असते व सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक कर याहून जास्त घेता येत नाही. कोणी दोन-तीन लाख मागत असेल तर घरचे दागिने मोडण्यापूर्वी त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळावा.

गणवेशात परदेशी जाण्याची एक वाट घरूनच निघते. २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर लायबेरियास गेली. अशी केवळ महिलांची तुकडी जगात पहिलीच होती. त्या तुकडीत जाण्यासाठी कोणा दलालाला पैसे द्यावे लागले नव्हते. प्रथम येथे भरती व्हावे लागले होते.