दम आणि विसावा

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तिच्या आगेमागे जी नगरी आखली गेली, तीत सेक्टरागणिक शाळा, बाजार आणि खेळाची मोकळी जागा यांची तजवीज नकाशातच झालेली होती. परंतु लोहमार्गाच्या उत्तरेस, सुपेल्याच्या अंगाला, कारखान्याच्या हद्दीबाहेर वाढलेल्या वैशाली नगरासारख्या दाट वस्तीत 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असे फुटबॉलचे पुरते मैदान मागणे म्हणजे ज्याची पूर्तता कोणत्याही दप्तरातून होणार नाही असा अर्ज करणे होय. याउलट 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद एवढी सपाट जागा, म्हणजे त्या मैदानाचा जेमतेम नववा हिस्सा, एखाद्या शाळेच्या वा महाविद्यालयाच्या आवारात निघू शकते. मुलींच्या फुटबॉलचा विचार अशा वस्तीत करावयाचा तर तो फुटसल या बंदिस्त जागेतील फुटबॉलपासूनच करावा, असे मला वाटते. मात्र जागा लहान म्हणून श्रमही लहान, अशी जी समजूत सर्वत्र आढळते, तिचा समाचार आधी घेतला पाहिजे.

हा खेळ 1930 साली उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे जन्मला. हुआन कार्लोस सेरियानी या व्यायामशिक्षकाने बास्केटबॉलच्या अंगणात मुलांना फुटबॉल खेळता यावा म्हणून त्याचे नियम रचले आणि त्यासाठी बास्केटबॉल, हँडबॉल व वॉटरपोलो यांच्याकडून मोकळ्या मनाने उसनवारी केली. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू, त्यांतील एक गोलरक्षक. चेंडू नेहमीच्यापेक्षा लहान आणि मुद्दाम कमी उसळणारा. वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबते, त्यामुळे चाळीस मिनिटांचा सामना प्रत्यक्षात तास-सव्वा तास सहज घेतो. बदली खेळाडूंना वाटेल तितक्या वेळा आत-बाहेर करण्याची मुभा असते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या एका मुभेवर खेळाचे सारे शरीरशास्त्र बेतलेले आहे. पुरुषांची जागतिक स्पर्धा फिफाने 1989 मध्ये सुरू केली. स्त्रियांची पहिली भरावयास मात्र 2025 चा नोव्हेंबर उजाडावा लागला. फिलिपाईन्समध्ये झालेली ती स्पर्धा ब्राझीलने पोर्तुगालला हरवून जिंकली. भारताच्या महिला संघाने त्याच वर्षीच्या जानेवारीत, इंडोनेशियात झालेल्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत, या खेळात पहिले पाऊल टाकले. खुद्द छत्तीसगडातही स्त्रियांचे मैदानी फुटबॉल अपरिचित नाही: राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या राजमाता जिजाबाई करंडकाची अंतिम फेरी 2025 मध्ये बस्तरातील नारायणपूर येथे खेळली गेली आणि तो करंडक मणिपूरच्या मुलींनी नेला.

आता धावण्याचा हिशेब. व्यावसायिक पुरुष खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत फुटसलचा खेळाडू मिनिटाला सरासरी 117 ते 121 मीटर अंतर तोडतो असे आढळले. मोठ्या मैदानावर नव्वद मिनिटांत दहा किलोमीटर धावणाऱ्याचा हिशेब मिनिटाला 111 मीटर पडतो; म्हणजे केवळ अंतर पाहिले तर दोहोंत फारसा भेद नाही. तरीही त्याच अभ्यासांत फुटसल खेळाडूच्या हृदयाची गती त्याच्या कमाल गतीच्या नव्वद टक्क्यांच्या घरात सापडते, आणि तीही एखाद्या क्षणी नव्हे, सामन्याच्या सरासरीने. याचे कारण अंतराच्या कोष्टकात मावत नाही. चाळीस मीटरांच्या चौकटीत सरळ रेषेत लांब धाव घेण्यास वावच नसतो. चार-पाच पावलांत वेग घ्यावयाचा, तितक्याच पावलांत तो मोडावयाचा, कंबर वळवावयाची, पाठमोरे सरकावयाचे, आणि श्वास जागेवर येण्यापूर्वी पुन्हा वेग घ्यावयाचा, हे चक्र अखंड चालू असते. वेग वाढविण्यास बळ लागते हे सर्वांस ठाऊक आहे. वेग मोडण्यासही मांड्यांच्या स्नायूंना ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ उठते ती मुख्यतः या श्रमाची, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

असे तुटक आणि तीव्र श्रम शरीर कशाच्या बळावर करते? स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेट नावाच्या द्रव्याचा अल्पसा साठा असतो. घरातील रोकड आणि पेढीवरील ठेव यांत जे नाते असते, तेच या साठ्यात आणि शरीराच्या प्राणवायूवर चालणाऱ्या शक्तीत आहे: रोकड तत्काळ हाती येते पण लवकर सरते, आणि ती पुन्हा भरावयाची तर पेढीवरच जावे लागते. पूर्ण वेगाच्या धावेत हा साठा काही सेकंदांत ओसरतो. थांबल्यावर त्याचा निम्मा भाग साधारण अर्ध्या मिनिटात भरून येतो, पुरता भरण्यास मात्र काही मिनिटे लागतात, आणि हे भरण्याचे काम प्राणवायूच्या पुरवठ्यावर अवलंबून असते. सबब फुटसलमध्ये दम म्हणजे दीर्घकाळ धावत राहण्याची शक्ती नव्हे. दोन धावांच्या मधल्या विसाव्यात शरीर किती त्वरेने पूर्ववत होते, ते या खेळातील दमाचे खरे माप. पहिली धाव वीज चमकल्यासारखी घेणाऱ्या मुली पुष्कळ भेटतात. त्यांची आठवी धाव कशी आहे, हे प्रशिक्षकाने पाहावे.

स्त्रियांविषयीचे संशोधन पुरुषांच्या मानाने तुटपुंजे आहे, पण जे आहे ते उद्बोधक आहे. व्हेनेझुएलाच्या राष्ट्रीय संघातील 14 खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला सरासरी 45 मिलिलिटरच्या आसपास भरली. हा आकडा चांगला आहे, अलौकिक नाही. नियमित मेहनतीने एखादी महाविद्यालयीन मुलगी त्याच्या जवळपास पोहोचू शकते. प्रयोगशाळेतील यंत्राखेरीज त्या मुलींची आणखी एक परीक्षा घेण्यात आली, आणि तीच आपल्या कामाची. पंधरा मीटरांवर दोन खुणा करावयाच्या, त्यांमध्ये तीन खेपा म्हणजे 45 मीटर धावावयाचे, दहा सेकंद थांबावयाचे, पुन्हा धावावयाचे. अशा आठ फेऱ्या झाल्या की अर्ध्या मिनिटाचा मोठा विसावा. ध्वनिमुद्रित इशाऱ्यांच्या तालावर वेग क्रमाने वाढत जातो आणि जिला इशारा गाठता येत नाही तिची परीक्षा तेथे संपते. याला लागते काय? चुन्याच्या दोन रेघा, एक मोबाइल आणि एक शिटी.

असे असता आपल्याकडील सरावाची सुरुवात आजही बहुधा मैदानाला दहा चकरा या फर्मानाने होते. चकरांनी काहीच हशील होत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. हृदय व फुप्फुसे यांचा पाया त्यांनी घातला जातो. परंतु एका संथ गतीने, एकाच दिशेने, न वळता धावण्याची सवय लागलेले शरीर या खेळात पाहुण्यासारखे वावरते. त्यापेक्षा तिघी विरुद्ध तिघी असा चेंडूसह तीन-चार मिनिटांचा तुफान खेळ आणि मग तितकाच विसावा, अशा चार-पाच आवर्तनांत दमही वाढतो आणि खेळही शिकून होतो. सामन्यातील बदली हीही याच दृष्टीने करावी: खेळाडू थकून चुका करू लागल्यावर तिला बाहेर बोलावणारा प्रशिक्षक उशीर करून चुकलेला असतो, तीन-चार मिनिटांनी, ती ताजी असतानाच, बोलावणारा शहाणा.

येथे एक विषयांतर करतो. आपल्या मुलींपाशी या खेळास लागणारे अर्धे शरीर आधीच तयार आहे, आणि ते खो-खोने घडविले आहे. आकस्मिक वेग, खांबापाशी देह झुकवून घेतलेले वळण, हुलकावणी, आणि आळीपाळीने धावणे व बसणे हे सगळे फुटसलचेच व्याकरण आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, त्यात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला हरवले. त्या संघातील मुलींच्या पायी चेंडू दिला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. छत्तीसगडी फुगडीही आपल्या फुगडीहून निराळी: उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे-मागे टाकावयाचे. मांड्यांची अशी कसोटी पाहणारा व्यायाम परदेशी पुस्तकांत शोधण्याचे प्रयोजन नाही.

गुडघ्याविषयी थोडक्यात. वळणे आणि एकाएकी थांबणे असलेल्या खेळांत गुडघ्याच्या आतील पुढचा बंध तुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत बरेच अधिक असते. फिफाने प्रसृत केलेला 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम नियमाने केल्यास दुखापती लक्षणीय घटतात. उडीवरून उतरताना गुडघे आत वळू न देण्याची शिकवण हा त्याचा गाभा आहे.

याहून गंभीर बाब रक्ताची आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवून दमाची चर्चा करणे व्यर्थ आहे. 2019 ते 2021 या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी देशात 57 टक्के आणि छत्तीसगडात सुमारे 61 टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच जर 12 ग्रॅमांच्या खाली असेल, तर वर सांगितलेली पेढीच बुडीत आहे. अशा मुलीला आळशी ठरवून आणखी चकरा मारावयास लावणारा प्रशिक्षक रोगाला शिक्षा देत असतो. उपाय अवघड नाहीत: शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी न चुकता घेणे, लाल भाजीसारख्या पालेभाजीबरोबर लिंबू पिळणे, आणि जेवणाला लागून चहा न घेणे, कारण चहा लोहाचे शोषण रोखतो. परंतु या प्रदेशात, तसेच शेजारच्या विदर्भात, सिकलसेलचा दोषही पुष्कळ आढळतो. म्हणून केवळ चेहरा फिकट पाहून गोळ्या न देता आधी रक्ततपासणी करावी. ज्यांच्यात हा दोष वाहक स्वरूपात आहे अशांना खेळास सहसा मनाई नसते, मात्र मे महिन्याच्या भिलाईत, तापलेल्या पत्र्याखाली, पाण्यावाचून त्यांना एकामागून एक धावा घ्यावयास लावणे जिवावर बेतू शकते.

प्रत्येक संघाने एक नोंदवही ठेवावी, हे ओघानेच आले. तीत दर सहा आठवड्यांनी खेपांच्या परीक्षेत गाठलेले अंतर, वर्षातून दोनदा हिमोग्लोबिनचा आकडा, झोपेचे तास, दुखापतींचा तपशील आणि मासिक पाळीच्या तारखा यांचे रकाने असावेत. पाळी दीर्घकाळ थांबली तर मुलीच्या आहारापेक्षा तिचे श्रम जास्त होत असण्याचा संभव असतो, आणि ती खूण वेळीच कळणे अगत्याचे आहे. प्रश्न उरतो तो ही वही कोणाच्या ताब्यात असावी, हा. क्लबाच्या कार्यालयात ती उघड्यावर पडलेली असेल तर मुली शेवटचा रकाना खरा भरणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तेव्हा अंतराची नोंद सर्वांस पाहता यावी, आणि उरलेली पाने संघाबरोबर असलेल्या एखाद्या विश्वासू स्त्रीच्या कुलुपात राहावीत.