घर्षणाचा वास

फर्दापुरात राहणाऱ्या माणसाला घर्षण वासावरून ओळखता येतं. अजिंठ्याचा घाट उतरून एखादा मालट्रक गावात शिरला की करपलेल्या ब्रेक-लायनरचा भपकारा थेट ओट्यावर येतो. शेजारच्या मामांची हयात ट्रक चालवण्यात गेली. ते नाक वर करतात आणि म्हणतात, "मास्तर, ह्यानं घाट न्यूट्रलमधी उतरवला." मी शाळेत विज्ञान शिकवायचो, पण घर्षणाचा धडा मला पुरता कळला तो याच ओट्यावर.

वर्गात मी एक वीट, एक फळी आणि ताणकाटा घेऊन जायचो. वीट आडवी ठेवून ओढायची, मग कडेवर उभी करून ओढायची. फळीला टेकणारा भाग कमी होतो, तरी काटा जवळपास तेवढंच दाखवतो. मुलं म्हणायची, सर, काटा बिघडलाय. काटा बिघडलेला नसायचा. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागही बारकाईने पाहिला तर उंचसखल असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकतात ते फक्त उंचवट्यांच्या टोकांवर. वीट कडेवर ठेवली की भार थोड्या जागेत एकवटतो, तिथली टोकं जास्त दबतात आणि खरा स्पर्श होता तेवढाच राहतो. विटेवर दुसरी वीट ठेवली की मात्र काटा दुप्पट सरकतो. म्हणजे घर्षण ठरतं ते भारावर आणि कोण कोणाला घासतंय त्यावर. फ्रान्सच्या आमाँताँने हा नियम 1699 मध्ये मांडला. त्याच्या सुमारे 200 वर्षं आधी लिओनार्दो दा विंचीने तो आपल्या वह्यांत टिपून ठेवला होता.

हे ऐकून मामांनी मला कोंडीत पकडलं. "भार वाढला की पकड वाढते म्हणता, मग लोड गाडी खाली गाडीपेक्षा लवकर थांबायला पाहिजे. थांबते का?" उत्तर असं, की भार दुप्पट झाला तर पकड दुप्पट होते, पण थांबवायचं वस्तुमानही दुप्पट होतं. हिशेब फिटतो. ताशी 40 किलोमीटरने चाललेल्या गाडीची चाकं लॉक झाली, तर कोरड्या रस्त्यावर ती साधारण 9 मीटर घसरत जाते, ओल्या रस्त्यावर 15-16 मीटर. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होतं. या हिशेबात गाडीचं वजन कुठेच येत नाही.

वजन येतं ते ब्रेकच्या ड्रममध्ये. 16 टनांचा ट्रक 100 मीटर खाली उतरतो तेव्हा जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्यात 50 लिटर थंड पाणी उकळीला येईल. न्यूट्रलमध्ये गाडी सोडली तर ही जवळजवळ सगळी उष्णता लायनर आणि ड्रमच्या वाट्याला येते. लायनर फार तापला की त्याची पकड सुटते. पॅडल दाबलं जातं, गाडी ऐकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा. मग इंजिनही गाडीला मागे धरून ठेवतं.

आता गोटा झालेल्या टायरचं. कोरड्या रस्त्यावर तो बऱ्यापैकी धरतो. रबर मऊ असतं, खडीच्या खाचांत शिरतं, त्यामुळे विटेचा नियम त्याला तंतोतंत लागूही पडत नाही. पण टायरच्या नक्षीचं खरं काम पावसात असतं. खालचं पाणी बाजूला सारायचं आणि रबराला रस्त्यापर्यंत पोचू द्यायचं. पाणी मध्ये राहिलं की टायर रस्त्याला टेकतच नाही.

माझ्या चपलेने मला हेच शिकवलं. एका श्रावणात मुलांची सहल घेऊन लेणी बघायला गेलो होतो. अजिंठ्याचा पाषाण काळा, बेसाल्ट. लाखो पावलांनी गुळगुळीत झालेली पायरी, तिच्यावर शेवाळाचा पातळ थर आणि माझ्या पायात झिजलेल्या तळाची चप्पल. सगळ्या वर्गासमोर बसकण मारली. एक मुलगा म्हणाला, "सर बारीक आहेत म्हणून घसरले." परतल्यावर फळी तिरकी करून दाखवली. एक वीट ज्या कोनाला घसरते, जोडलेल्या दोन विटाही त्याच कोनाला घसरतात. जाड माणूस वाचला नसता, फक्त जास्त आपटला असता.

मामांकडून शिकलेली शेवटची गोष्ट दगडाची. घाटात गाडी बंद पडली की क्लीनर उडी मारून चाकाला दगड लावतो. दोन हातांत मावणारा दगड एवढी गाडी धरतो कसा? चाकाला गडगडताना फारसा अडथळा होत नाही, म्हणूनच तर बैलगाडी चालते. दगड आला की गडगडणं थांबतं. पुढे जायचं तर चाकाला दगडावर चढावं लागतं किंवा त्याला फरफटत न्यावं लागतं. आणि चाक त्याच्यावर जितकं रेलतं, तितका तो रस्त्याला घट्ट दाबला जातो.

"पण नुसता दगड लावून भागत नाही," मामा म्हणाले. "आधी पायानं खालची माती झाडायची."

मी विचारलं, का? सुटी माती गोट्यांसारखी गडगडते हे मला माहीत होतं. मामांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"एकदा झाडली नव्हती," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.