भयस्थळ आणि हाक : शनिवारवाड्याच्या आख्यायिकेचा विचार

एखादे स्थळ भयप्रद का वाटते, या प्रश्नाला सामान्यतः अंधार, ओसाडपणा आणि मृत्यूची स्मृती अशी उत्तरे दिली जातात. ती चुकीची नाहीत, परंतु अपुरी आहेत. पडके वाडे, निर्जन घाट आणि जुनी स्मशाने महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांपैकी बहुतेकांविषयी लोकांना विशेष काही सांगावयाचे नसते. उलट पुण्याच्या ऐन मध्यवस्तीत, दिवसभर गजबजलेल्या रस्त्याला लागून असलेला शनिवारवाडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या भयकथेचा विषय राहिला आहे. या आख्यायिकेतील भय नेमके कशात आहे, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

मूळ घटना सर्वपरिचित आहे. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली पाया घातलेल्या या वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराची मागणी करीत गारदी घुसले आणि त्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा वध केला. जीव वाचविण्यासाठी नारायणराव धावत चुलत्याकडे, म्हणजे रघुनाथरावांकडे गेले व त्यांना बिलगले, असे वर्णन इतिहासग्रंथांत येते. लोकपरंपरेने या प्रसंगातून एवढेच उचलले की पौर्णिमेच्या (कोणी म्हणतात अमावास्येच्या) रात्री वाड्यातून हाक ऐकू येते : ‘काका, मला वाचवा!’

या आख्यायिकेत दिसत काहीच नाही, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. पांढरे वस्त्र नाही, उलटे पाय नाहीत, रक्ताळलेला देह नाही. जे आहे ते केवळ एक वाक्य, आणि तेही घरगुती मराठीतले. त्याचा आरंभ नात्याच्या संबोधनाने होतो. शेवटचे क्रियापद ‘वाचव’ नसून ‘वाचवा’ आहे; मारेकरी पाठीशी असतानाही वडीलधाऱ्यांविषयीचा आदर सुटलेला नाही. माझ्या मते भयाचे मूळ येथे आहे. ही किंकाळी असती तर तिने अंगावर काटा आणला असता आणि ती विरून गेली असती. ही हाक आहे, आणि हाकेला उत्तर अपेक्षित असते. रात्री ती ऐकणारा मनुष्य नकळत त्या काकाच्या जागी उभा केला जातो. (त्याच वधाची दुसरी प्रसिद्ध आख्यायिका, ‘धरावे’चे ‘मारावे’ करणाऱ्या ‘ध’चा ‘मा’, हीदेखील एका अक्षरावर उभी आहे. या हत्येची लोकस्मृती बव्हंशी शब्दांचीच बनलेली आहे.)

आपल्याकडील भूतविषयक समजुतींशी तुलना केली म्हणजे हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. मुंजा हा मुंजीनंतर, सोडमुंज होण्यापूर्वी मेलेल्या मुलाचा. त्याचे स्थान पिंपळावर. समंध, हडळ, ब्रह्मराक्षस यांनाही आपापली जागा व आपापले कारण आहे. ज्याचे नाव ठाऊक आहे त्याचा उपायही ठाऊक असतो : उतारा, नारळ, शांत. म्हणूनच अशा जागा गावाच्या व्यवहारात सामावल्या जातात. पिंपळाला वळसा घालून माणसे शेतावर जातच राहतात. शनिवारवाड्यातील हाकेला या नामावळीत स्थान मिळालेले नाही. नारायणराव विवाहित होते, तेव्हा ते मुंजा नव्हेत. आणि ते समंध झाले असेही कोणी म्हणत नाही. हाक मृताची अतृप्ती सांगत नाही, ती मदत मागते. आणि त्या मदतीची वेळ १७७३ मध्येच टळून गेली आहे. उतारा टाकायचा तो कशावरून?

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, भूतादिकांचे दर्शन, कोल्हेघुबडांपासून होणारा त्रास, शून्य घर आणि अरण्य यांचा उल्लेख केला आहे. आपले लक्ष बहुधा येथेच थांबते. परंतु त्याच यादीत पुढे स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे, ऐकणे वा त्याची कथा कानी येणे यांचाही समावेश आहे. शून्य घर आणि स्वजनवध एकाच ओळीत यावेत, हे मला फार मार्मिक वाटते. त्यातही शनिवारवाड्याबाबत एक विलक्षण गोष्ट अशी की तेथे शून्य घरही उरलेले नाही. १८२८ च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. राहिले ते तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंजी. ज्या दालनांतून हाक उठली ती दालने नाहीत, तरी हाक आहे. वास्तू हे भयाचे अनिवार्य कारण मानणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा.

जत्रेतील भूतबंगल्यात अंधारातून सांगाडा पुढे येतो तेव्हा आपण दचकतो, आणि बाहेर पडताच हसतो. दचकणे हा शरीराचा व्यापार आहे. त्याला ओळखीची गरज नसते. भयाला असते. कोकणातला चकवा भिववितो तो परक्या रानात नेऊन नव्हे, तर रोजच्या वाटेवरच पुन्हापुन्हा फिरवून. फ्रॉइडने १९१९ च्या आपल्या निबंधात ज्या जर्मन शब्दाची चिकित्सा केली, त्याच्या पोटातही ‘घर’ हाच शब्द दडलेला आहे. मराठी गूढकथेत नारायण धारपांचे भय पुष्कळदा बाहेरून घरात शिरते, तर रत्नाकर मतकरींचे बहुधा घरातल्या माणसांतच दबा धरून असते. मतकरींची कथा वाचून संपल्यावरही अधिक काळ छळते, याचे कारण मला या फरकात दिसते. शनिवारवाड्याची आख्यायिका त्यांच्याच जातकुळीची आहे : येथे मारेकऱ्यांचे, म्हणजे गारद्यांचे भय कोणालाच वाटत नाही.

लोककथांच्या संकलनात आख्यायिकेचा मजकूर टिपला जातो, पण ती कोणी कोणाला, कोठे सांगितली याची नोंद क्वचितच होते. या कथेच्या बाबतीत ती नोंद आवर्जून व्हावी. ही कथा मुलांना बहुधा वाड्यापाशी नव्हे, तर स्वतःच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर, आजी, वडील किंवा काका यांच्याच तोंडून ऐकावयास मिळते.